मारुती 800 ची बग्गी: गोठिवलीच्या पडवीतल्या कामाच्या नोंदी

जुन्या मारुती 800 चं इंजिन मागे बसवून शेतात, माळावर चालणारी दोन माणसांची बग्गी घरीच बांधतोय. जागा म्हणजे नवी मुंबईतल्या गोठिवलीत घराला लागून असलेली पत्र्याची पडवी, वीस फूट बाय बारा. मदतीला धाकटा चुलतभाऊ. मी रबाळ्याला मेंटेनन्समध्ये आहे, त्यामुळे काम रविवारी आणि एखाद्या संध्याकाळी. इंजिन कसं चालू करायचं हे कुणीही सांगतं. चारही चाकं नेमक्या जागी धरून कशी ठेवायची, हे सांगणारे फार थोडे. वेळ आणि पैसा मात्र तिथेच जातो, म्हणून नोंदीही त्याच्याच जास्त आहेत.

13 ऑक्टोबर 2024

काल दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, आज कामाला हात घातला. पडवीची जमीन मोरीकडे उतरती आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास दोन इंचांचा फरक. अशा जमिनीवर सांगाडा मांडला तर ओळंबा एक सांगेल आणि गुण्या दुसरंच. म्हणून आधी 100 मिमीची दोन सी-चॅनल आणली, प्रत्येकी तीन मीटर. वजन साधारण 57 किलो, खर्च 3,400 रुपये. दोन्ही समांतर ठेवून खाली पातळ पत्र्याचे तुकडे सारले आणि लेव्हल पाइपने चारही टोकं एका पातळीत आणली. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी पातळी खोटी दाखवते. दोन्ही तोंडं शेजारी धरून पाणी सारखं येतंय का, हे आधी पाहा.

दोन्ही चॅनलच्या मधोमध छिन्नीने खूण केली. ही आमची मध्यरेषा. यापुढचं प्रत्येक माप तिच्यापासून.

27 ऑक्टोबर 2024

गाडी आली. कार्बोरेटरवाली 800, चार गिअर, 32,000 रुपये. 2000 सालानंतरच्या इंजेक्शनवाल्या गाडीत वायरिंग आणि कंप्युटरही हलवावा लागतो. कार्बोरेटरवालीत पेट्रोलचा पंप इंजिनवरच आहे आणि इग्निशन डिस्ट्रिब्युटरचं, त्यामुळे मुद्दाम तीच शोधली. घेताना नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

कायद्याचंही इथेच लिहितो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. कलम 39 नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. म्हणजे ही बग्गी रस्त्यावर येणार नाही, गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा नाही. येऊरला नेऊ का, असं ठाण्याचा एक मित्र विचारत होता. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे, तिथे न्यायचा विचारही नको. आमची चाचणी आत्याच्या सासरी, कर्जतजवळच्या त्यांच्या स्वतःच्या शेतात. नेआण छोटा हत्तीवरून.

गाडी खोलायच्या आधी एक पूर्ण दिवस नुसती मापं घेतली. ओळंबा लोंबता धरून खालच्या आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणारा दांडा) आतले सांधे, त्याच्या बाहेरच्या टोकाचा बॉल जॉइंट, स्टिअरिंग रॅकची टोकं, स्ट्रटचं (चाकावरचा उभा शॉकअप) वरचं माउंटिंग, चाकाला फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समधून निघतो ती जागा, सगळ्यांच्या खुणा जमिनीवर उतरवल्या. उंची वेगळी लिहिली. कारखान्याने ठरवलेली ही मापं फुकटात मिळतात, आणि गाडी एकदा खोलली की ती कायमची गेली.

10 नोव्हेंबर 2024

दिवाळी झाली. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पाइप आणले. तिथे नुसतं ‘पंचवीसची पाइप’ म्हटलं तर 25 एनबी, म्हणजे पाण्याच्या नळाची पाइप पुढ्यात येते. तिचा बाहेरचा व्यास 33.7 मिमी भरतो. आपल्याला बाहेरच्या व्यासावर विकली जाणारी सीमलेस, म्हणजे बिनजोडाची पाइप हवी. पाण्याची पाइप स्वस्त पडते, पण गाडी उलटली तर डोक्यावरचा सांगाडा तिचा नको.

जाडी ठरवायला बाहा एसएई इंडियाचा नियम समोर ठेवला. 2007 साली सुरू झालेल्या कॉलेजच्या मुलांच्या त्या स्पर्धेत मुख्य सांगाड्याला 25.4 मिमी व्यास, 3 मिमी जाडी आणि किमान 0.18 टक्के कार्बनचं पोलाद लागतं. त्यांच्या गाड्या छोट्या, दहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या. आमची बरीच जड होणार, म्हणून मुख्य कमानींना 38.1 मिमी व्यास, 3 मिमी जाडी घेतली. आडव्या-तिरप्या जोडांना 25.4 मिमी, 2 मिमी.

वजन दुकानात जायच्या आधीच काढून ठेवा: व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा, मग 0.02466 ने गुणा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. जाड पाइपचं 2.6 किलो येतं. सहा मीटरच्या पाच जाड आणि चार बारीक, मिळून 106 किलो, 13,250 रुपये. काट्यावरही तेवढंच भरलं, म्हणजे जाडी खरी होती.

24 नोव्हेंबर 2024

वाकवणं. प्लंबरचा हायड्रॉलिक बेंडर भाड्याने आणला होता. पहिल्याच वाकात पाइप आतून चेपली आणि पोटात घडी पडली. हा बेंडर मधोमध दाबतो, पाइपला आतून आधार काहीच नसतो. घडी पडलेली पाइप ताण आला की तिथेच मोडणार, म्हणून तो तुकडा बाजूला काढला.

मग रबाळ्याच्या एका शेडमध्ये मँड्रेल बेंडिंग (पाइपला आतून आधार देऊन वाकवणं) करणाऱ्या काकांकडे गेलो. एका वाकाचे 150 रुपये. काकांनी कागदावरचं चित्र बघितलंच नाही. म्हणाले, “नमुना आण.” 6 मिमीची सळई चॅनलवर ठेवून हव्या त्या आकारात वाकवली आणि तीच त्यांना नेऊन दिली. सळईवर पाइप ठेवून ते ताडून पाहतात. पाइप यंत्रातून सुटली की दोन-तीन अंश परत उघडते, तेवढी ते आधीच जास्त वाकवतात. चौदा वाकांचे 2,100 रुपये झाले. हे काम बाहेरच करून घ्यावं.

22 डिसेंबर 2024

सांगाडा जोडायला घेतला. 200 अँपिअरचं सिंगल फेज CO₂ वेल्डिंग मशीन (22,500 रुपये, पुढच्या कामांनाही लागेल म्हणून हे बग्गीच्या खर्चात धरलेलं नाही), 0.8 मिमीची तार. संध्याकाळी सातनंतर आळीत व्होल्टेज उतरतं आणि तार वितळण्याऐवजी पाइपला टोचत राहते. त्यामुळे वेल्डिंग फक्त सकाळी.

पाइपची तोंडं होलसॉने माशाच्या तोंडासारखी कापली आणि कानशीने साफ केली. फट एक मिमीहून मोठी राहिली तर भरू नका, तुकडा नवा कापा.

सगळा सांगाडा आधी वेल्डचे नुसते छोटे टाके मारून उभा केला. मापं बरोबर होती. मग मागच्या भागाचे उजवीकडचे सगळे जोड सलग पूर्ण केले, कारण हात तिकडे सहज पोहोचत होता. थंड झाल्यावर कर्ण मोजले, तर 9 मिमीचा फरक. वेल्ड थंड होताना आकसतं आणि पाइप आपल्याकडे ओढतं. एका बाजूने सगळं केलं की ओढणारं सगळं त्याच बाजूला. जॅक लावून ढकलून पाहिलं. सोडलं की परत होतं तिथे. शेवटी चार जोड ग्राइंडरने कापले आणि चॅनलला क्लॅम्प करून पुन्हा टाके मारले. या वेळी उजवीकडे एक इंच, डावीकडे एक इंच, मग समोरच्या कोपऱ्यात, असं फिरत फिरत भरलं. आता फरक 2 मिमीच्या आत आहे.

कर्ण रोज मोजा. सांगाडा तिरका राहिला तर पुढे चाकांचं कुठलंच माप जुळत नाही.

12 जानेवारी 2025

इंजिन मागे बसवलं. बग्गी म्हटली की सगळ्यांना आठवते ती 1964 ची, ब्रूस मेयर्सची मँक्स. तिला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन होतं आणि बीटलचं इंजिन मुळातच मागे. आपली 800 पुढच्या चाकांवर चालणारी. तिचं इंजिन मागे नेताना ते पुढे होतं त्याच तोंडाने बसवावं लागतं. जागा बरी मिळते म्हणून अर्धा फेरा फिरवून बसवलंत, तर दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल उलटं फिरेल. मग गाडीला चार गिअर मागे जायला आणि एकच पुढे जायला.

सरळ तोंडाने बसवलं की गिअरचा रॉड मागच्या बंपरकडे निघतो आणि ड्रायव्हर पुढे. रॉड वळवून पुढे आणायचा प्रयत्न केला, पण सांधे वाढले आणि प्रत्येक सांध्याची ढिलाई मिळून दुसरा गिअर सापडेना. आता दोन पुश-पुल केबल टाकल्या आहेत, एक गिअर निवडायला आणि एक टाकायला. गिअरबॉक्सजवळ उलटी हालचाल देणारी पट्टी बसवली. केबल लांबीप्रमाणे बनवून मिळतात. वळण मोठं ठेवा, नाहीतर जड चालतात.

इंजिनाची उंची खालच्या आर्मच्या सांध्यांच्या तुलनेत मूळ गाडीइतकीच ठेवली. ड्राइव्ह शाफ्टचे कोन त्यावरच अवलंबून आहेत.

9 फेब्रुवारी 2025

मागची चाकं. पुढच्या चाकांचा मूळ सगळा संच (नकल म्हणजे चाकाचा हब धरणारा तुकडा, स्ट्रट, डिस्क) इंजिनाबरोबर मागे आणलाय. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. 800 मध्ये खालचा आर्म म्हणजे एकच आडवा दांडा. तो चाकाला आत-बाहेर जाऊ देत नाही, पण पुढे-मागे धरतो तो अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा बार. बार काढून टाकला तर ब्रेक मारताच चाक मागे सरकेल. आमच्याकडे त्या जागी सीटची पाठ आहे, बारला वाटच नाही.

म्हणून आर्म त्रिकोणी केले: आत दोन बुश, बाहेर मूळचा बॉल जॉइंट. बुशमधलं अंतर 260 मिमी. पहिल्या जोडीत ते 140 होतं. हाताने चाक पुढे-मागे ओढलं की डोळ्याला दिसेल इतकं हलायचं. पाया रुंद केला आणि हलणं थांबलं. दोन्ही आर्म एकाच जिगवर बनवा. चॅनलवर तीन खुंट्या वेल्ड केल्या की झाला जिग.

2 मार्च 2025

सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची नोंद ही.

मागे आणलेल्या नकलना स्टिअरिंगचा हात असतो. तो मोकळा सोडला तर मागची चाकंही वळतील. तिथे रॅकऐवजी एक टो-रॉड, म्हणजे चाकाची दिशा धरून ठेवणारा दांडा, लावून सांगाड्याला बांधायचा. तो कुठे बांधायचा, प्रश्न एवढाच. आधी सांगाड्याची पाइप जिथे जवळ होती तिथे कान (बोल्टसाठी भोक असलेल्या पट्ट्या) वेल्ड केले. गाडी उभी असताना चाकं नीट, सरळ. पण चाक वर-खाली होताना आर्म एका वर्तुळात फिरतो आणि टो-रॉड दुसऱ्या. दोन वर्तुळं जुळली नाहीत तर चाक प्रत्येक खड्ड्यात स्वतःच वळतं.

मोजलं असं: स्प्रिंग काढून स्ट्रट रिकामा जोडला. मध्यरेषेला समांतर अशी दोरी चाकाच्या बाहेरून हबच्या उंचीवर ताणली. खालून जॅक लावून चाक 10-10 मिमी वर नेत गेलो. दर टप्प्यावर दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर लिहिलं. दोन्हींतला फरक म्हणजे टो. 70 मिमी वर जाईपर्यंत टो 16 मिमीने बदलला. वेगात एका बाजूचं चाक बांधावर चढलं असतं, तर गाडीचा मागचा भाग आपोआप फिरला असता.

कान कापले. आतला सांधा 25 मिमी खाली आणला. टो-रॉड आर्मला जवळपास समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा झाला. आता 70 मिमीच्या चालीत फरक 2 मिमी. कान आधी बोल्टवर, लांबट भोकाच्या तात्पुरत्या पट्टीत बसवा, मोजा, सरकवा, पुन्हा मोजा. वेल्ड शेवटी. असं केलं तर हे सगळं एका दुपारचं काम आहे. डाव्या बाजूला तसंच केलं.

रॉड एंड (दांड्याच्या टोकाचे गोळ्याचे सांधे), बुश आणि बोल्ट मिळून 9,800 रुपये.

16 मार्च 2025

धुळवडीनंतर पुढची चाकं. कुर्ल्याहून दुसऱ्या 800 चा पुढचा संच आणला, 7,500 रुपये. पुढे ड्राइव्ह शाफ्ट नाही, म्हणून हब रिकामं ठेवायचं डोक्यात येतं. तसं करू नका. या हबच्या बेअरिंगना दाबून धरणारा नट ड्राइव्ह शाफ्टच्या टोकावर बसतो. शाफ्ट नसेल तर बेअरिंग सुटी राहतात आणि चाक डोलतं. बाहेरचा जॉइंट खोलला, त्याचं दातेरी टोक असलेला भाग तेवढा हबमध्ये ठेवला आणि नट पूर्ण ताणला.

दोरी आणि जॅकची मोजणी पुढेही केली. रॅक मूळ मापाने बसवल्यामुळे इथे फारसं काही करावं लागलं नाही.

6 एप्रिल 2025

ब्रेक, पाणी, पेट्रोल. चारही चाकांना डिस्क आल्या, पण 800 चा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो आणि ड्रम आता राहिलेच नाहीत. उतारावर उभी करताना गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा, तूर्त एवढंच. रेडिएटर सीटच्या मागे उंचावर, दोन पंख्यांसह. पाणी भरायचं तोंड सगळ्यांत उंच ठेवलं, नाहीतर हवा अडकून इंजिन तापतं. ब्रेकला 5,600, थंडाव्याला 6,300. सीट आणि चार-टोकी पट्ट्या 8,400. पेट्रोलची टाकी सांगाड्याच्या आत, सीट आणि इंजिन यांच्यामध्ये पूर्ण पत्रा.

20 एप्रिल 2025

हत्तीवर चढवून वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग सगळी. एकूण 465 किलो, त्यातले पुढे 170.

म्हणजे पुढच्या स्प्रिंग फारच ताठ. त्या अख्ख्या इंजिनाचं वजन पेलायला बनलेल्या आहेत आणि इथे पुढे इंजिनच नाही. बोनेटच्या जागी मी उभा राहिलो तरी जेमतेम बसते. गॅरेजवाल्या ओळखीच्याने दोन वेढे कापून टाकायला सांगितलं. कापल्याने गाडी खाली बसते, पण स्प्रिंग मऊ होत नाही, उलट आणखी ताठ होते, कारण पीळ घ्यायला तार कमी उरते. ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. आमची तार 10 मिमी भरली. तेवढ्याच वेढ्यांची 8.5 मिमी तारेची जोडी वागळे इस्टेटमधून वळवून आणली, ताठपणा जवळपास निम्मा. 4,200 रुपये.

टायर ओम्नीचे 145 आर 12. त्यांची बाजू जाड आणि रिमचं माप तेच. 13,600 रुपये.

18 मे 2025

कर्जत. भात काढलेली खाचरं, दगडासारखी सुकलेली ढेकळं आणि गुडघाभर उंचीचे बांध. हेल्मेट, पट्ट्या, आग विझवायचा सिलिंडर शेजारी, पोरांना खळ्याच्या पलीकडे बसवलं.

गाडी छान चालली. दुसऱ्या गिअरमध्ये सरळ, हात हलका ठेवला तरी दिशा सोडत नाही. आत्याचे दीर शेजारी बसून सगळं शेत फिरून आले. मग एका बांधावरून उतरताना मागचं उजवं चाक दगडावर आपटलं आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. थांबून पाहिलं तर टो-रॉडचा आतला बोल्ट वाकलेला आणि चाक वीस-एक मिमी बाहेर पाहतंय.

बोल्ट 12 मिमीचा, 8.8 ग्रेडचा, कमी ताकदीचा नव्हता. बसवला होता तो एकाच कानातून बाहेर काढून. एका बाजूला आधार असलेला बोल्ट धक्क्याला लिव्हरसारखा वाकतो. तोच दोन कानांच्या मध्ये असता तर नुसता कापाचा जोर आला असता, आणि तो त्याने सहज सोसला असता. चाचणी तिथेच थांबवली.

26 मे 2025

आज मुंबईत मान्सून जाहीर झाला. नेहमीची तारीख 11 जून. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कर्जतला जायचं होतं, आता खाचरांत पाणी. पुढची चाचणी भात काढल्यावर.

पावसात वेल्डिंगही अवघड झालं. पडवीला एक बाजू उघडी, वारा गॅस उडवून नेतो आणि वेल्डमध्ये स्पंजासारखी भोकं पडतात. ताडपत्री लावून आडोसा केला. तारेचं रीळ मशीनमध्ये ठेवलं तर चार दिवसांत गंजतं आणि नळीत अडकतं. काम झालं की काढून डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

या काळात सगळे टो-रॉड आणि आर्म यांचे कान दुहेरी केले, 5 मिमीच्या पट्टीचे, बोल्ट मधोमध. रॉड एंडच्या बाहेर त्याच्या गोळ्यापेक्षा मोठे वायसर टाकले. गोळा निसटला तरी रॉड बोल्टवरून सुटणार नाही. एकेरी आधार आता स्टिअरिंगमध्येही कुठे उरलेला नाही. वेल्ड घासून रंग दिला. इथल्या खाडीच्या हवेत उघडं लोखंड आठवड्यात लाल होतं.

14 डिसेंबर 2025

पुन्हा कर्जत, तेच शेत, तोच बांध. मुद्दाम मागचं उजवं चाक त्यावर घेतलं, आधी हळू, मग दुसऱ्या गिअरमध्ये. संध्याकाळी तिथेच दोरी ताणून मोजलं. मागचा टो सकाळी 3 मिमी आत ठेवला होता, संध्याकाळी 3 मिमीच. पुढे 1 मिमीचा फरक पडला, टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाकाला जाणारा दांडा) एक चेकनट, म्हणजे माप हलू नये म्हणून आवळलेला नट, ढिला होता. प्रत्येक चेकनटवर रंगाची रेघ मारून ठेवली आहे, सुटला की रेघ तुटलेली दिसते.

इंजिन गार राहिलं. धुळीने एअर फिल्टर मात्र एका दिवसात भरला. त्याचं तोंड रोलबारच्या वरपर्यंत न्यायचं आहे.

वेल्डिंगची तार आणि गॅस 5,900, रंग 2,800, वाहतूक 6,000 धरून एकूण खर्च 1,20,850 रुपये. पूर्ण गाडी, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, चाकांचा पहिला संच, सगळं 32,000 त आलं. पुढचा संच, आर्म, सांधे, स्प्रिंग, टायर आणि ब्रेक यांना 40,700 लागले. बजेट मांडताना इंजिनाच्या आधी हा आकडा मांडा, आणि रॉड एंड स्वस्तातले घेऊ नका. आमचे दोन या हंगामातच खुळखुळायला लागलेत, ते पुढच्या रविवारी बदलणार.